शिपायाचे तास आणि शिपायाचे तारतम्य



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे असा रिवाज पडला आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे माझे शिक्षण रोलिंग मिलच्या भट्टीसमोर, मोंढ्यातल्या हमालांच्या संगतीत, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज आपणांस पांडित्य ऐकायला मिळणार नाही. एक कामगार दुसऱ्या कामगाराकडे कसा पाहतो, एवढेच मी सांगणार आहे.

चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘पोलिस’ म्हणालो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. ते साहजिक होते. ज्याने पंचवीस-तीस वर्षे पोलिसांच्या हातून नोटिसा घेतल्या, तो पोलिसांच्या बाजूने बोलणार की विरुद्ध, असा प्रश्न कोणालाही पडावा. इंग्रजांनी तर १९२२ साली पोलिसांमध्ये अप्रीती पसरवणाऱ्यास शिक्षा देणारा कायदाच केला होता. म्हणून आरंभीच सांगून ठेवतो की मला अप्रीती पसरवायची नाही. मला हिशेब मांडायचा आहे. हिशेबाला अप्रीती म्हणण्याची पद्धत मात्र आपल्याकडे जुनी आहे!

मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडी ‘पोलिस’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज रणगाड्यांसह निजामाच्या राज्यात शिरली, आणि आपल्या आजोबा-आजींच्या तोंडी त्या घटनेचे नाव झाले ‘पोलिस ॲक्शन’. सैन्याने केलेल्या कामाला पोलिसांचे नाव मिळाले! त्याआधीच्या काळात ठाण्याच्या फौजदाराला लोक ‘अमीनसाहेब’ म्हणत आणि त्याच्या सावलीतून जायला भीत. आज कुंडलिकेच्या या काठावर आपले जे ठाणे आहे, त्याचे नाव कदीम जालना. कदीम म्हणजे जुने. नाव जुने असायला हरकत नाही. परंतु त्या नावाच्या ठाण्यात काम करणाऱ्या माणसाच्या सेवेच्या अटीही कदीम असाव्यात काय, हा माझा पहिला प्रश्न आहे.

इंग्रजांनी १८५७ चा उठाव मोडला आणि १८६१ साली पोलिसांचा कायदा केला. मूठभर परक्यांना अफाट मुलूख ताब्यात ठेवायचा होता. त्यासाठी त्यांनी वर थोडे साहेब आणि खाली हजारो शिपाई अशी उतरंड रचली. शिपायाने विचार करू नये, हुकूम पाळावा, ही त्या रचनेतली अपेक्षा. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट ठरवली: पोलिस नेहमीच कामावर आहे असे समजावे. आपल्या राज्याचा पोलिस कायदा १९५१ चा, म्हणजे स्वराज्यातला. परंतु त्याच्याही अठ्ठाविसाव्या कलमात हेच वाक्य आले. पोलिस सदैव कर्तव्यावर आहे असे मानण्यात येईल! मित्रहो, मी अनेक कायदे वाचले. माणसाला चोवीस तासांचा नोकर समजणारे असे वाक्य मला दुसऱ्या कुठल्या नागरी चाकरीच्या कायद्यात सापडले नाही.

आता या वाक्याशेजारी दुसरा इतिहास ठेवून पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीने १८९० च्या जूनमध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९१९ साली जगातल्या राष्ट्रांनी आठ तासांच्या दिवसाचा करार केला. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, आठवड्याची एक सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर अशी चौकट घालून दिली. गिरणी कामगाराने रविवार मिळवला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्या गिरणीच्या फाटकाशी बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या शिपायाचा रविवार मात्र अजून वाटेतच आहे.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. केंद्र सरकारच्या पोलिस संशोधन व विकास ब्यूरोने हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून देशभरच्या ठाण्यांची पाहणी करून घेतली आणि ती २०१४ साली पुढे आली. ठाण्यांतले सुमारे नव्वद टक्के लोक रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात असे तीत आढळले. दोन-तृतीयांशांहून अधिकांचा दिवस अकरा तासांचा किंवा त्याहून मोठा होता. शेकडा पंचवीसहून अधिकांचा तर चौदा तासांचा किंवा त्याहून मोठा. आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना महिन्यातून एकदासुद्धा साप्ताहिक सुटी पदरात पडत नव्हती. ही माहिती सरकारनेच मागवलेली आहे.

असे का होते? एक साधे गणित करू. ठाण्यात एक जागा अशी आहे की तेथे रात्रंदिवस माणूस हवाच. आठवड्याचे तास किती? चोवीस गुणिले सात, एकशे अडुसष्ट. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा धरला तर त्या एका जागेला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, न्यायालयाची तारीख, प्रशिक्षण हे धरले तर चार माणसेही अपुरी. प्रत्यक्षात तेथे बारा-बारा तासांवर दोनच माणसे लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चौऱ्याऐंशी तास येतात. म्हणजे अठ्ठेचाळिसावर छत्तीस तास अधिक. आमच्या भट्टीचेही असेच असते. ती रात्री झोपत नाही. परंतु भट्टी झोपत नाही म्हणून कामगारालाही झोपू देऊ नका, असे म्हणणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. तेथे तीन पाळ्या लावायच्या असतात. आणि जेथे मालक दोनच पाळ्या चालवतो, तेथे शेवटच्या दोन तासांत काय होते, हे सरकारी दवाखान्यात जाऊन भाजलेले हात पाहिले म्हणजे कळते.

त्यात बंदोबस्त वेगळाच. आषाढीला आनंदी स्वामींची पालखी, अंगारकीला राजूरची गर्दी, गणपती, नवरात्र, मोहरम, धुळवडीचा हत्ती रिसाला, निवडणुका, मोर्चे आणि मंत्र्यांचे दौरे. आपला सण आला की आपल्या घरी पुरण शिजते आणि शिपायाच्या घरी रजा रद्द झाल्याचा निरोप येतो. आपण मिरवणुकीत नाचतो तेव्हा कडेला एक माणूस सकाळपासून उभा असतो. त्याला पाणी कोणी दिले का, लघुशंकेची सोय कोठे आहे, हे कोणी विचारत नाही. आता खात्यात भगिनीही मोठ्या संख्येने आल्या आहेत. उघड्या रस्त्यावर बारा तास उभे राहणे म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे या सभेतल्या स्त्रियांना मी सांगायला नको.

येथवर आपण म्हणाल, हे तर सगळ्याच कामगारांचे रडगाणे आहे. मग पोलिसाचा वेगळा विषय कशाला? तो वेगळा आहे तो एका गोष्टीमुळे. त्या गोष्टीला कायद्याच्या भाषेत विवेकाधिकार म्हणतात. आपल्या घरच्या भाषेत तिला तारतम्य म्हणतात.

रोलिंग मिलचा कामगार सळी ओढतो. सळई किती जाड, किती लांब, हे आधी ठरलेले असते. शिपायाच्या कामात असे काही ठरलेले नसते. भाजीची हातगाडी रस्त्यात उभी आहे. तिला ‘बाजूला घे’ म्हणायचे, दंड करायचा, की काटा-तराजू उचलून ठाण्यात न्यायचा? मध्यरात्री एक बाई रडत आली. नवऱ्याने मारले म्हणते. तिची फिर्याद गुन्हा म्हणून नोंदवायची, अदखलपात्र म्हणून कागदाचा कपटा हाती द्यायचा, की ‘घरचे भांडण घरात मिटवा’ म्हणून परत पाठवायचे? दोन पोरे चौकात हुज्जत घालताहेत. त्यांच्या बापाला बोलवायचे की त्यांच्या आयुष्यावर गुन्ह्याचा डाग पाडायचा? हे निर्णय पोलिस अधीक्षक करत नाहीत. हे निर्णय रात्री दीड वाजता, एकट्याने, दिव्याच्या खांबाखाली, शिपाई आणि हवालदार करतात.

जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली पोलिसांवरच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट लिहिली. बहुतेक संस्थांमध्ये वर जावे तसा निर्णयाचा अधिकार वाढतो. पोलिस खात्यात मात्र खाली उतरावे तसा तो वाढत जातो. किती खरे आहे! साहेबाच्या टेबलावर येणारा कागद शिपायाने काय पाहिले, काय लिहिले आणि काय सोडून दिले, यावरच उभा असतो. ज्याने विचार करू नये म्हणून १८६१ साली योजना केली, त्याच्याच हाती आज सर्वांत जास्त विचाराचे काम आहे.

कोणी म्हणेल, शिपायाला तारतम्य देऊच नका. कायदा आहे तसा लावा. आम्ही कामगार या युक्तिवादाला हसतो. आमच्याकडे संपापेक्षा कधी कधी जास्त परिणामकारक असे एक हत्यार आहे. त्याचे नाव नियमाप्रमाणे काम. प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा, एकही सोडायचा नाही. दोन दिवसांत कारखाना ठप्प होतो! मामा चौकातल्या वाहतूक शिपायाने एक दिवस नियमाप्रमाणे काम केले, तर दुपारपर्यंत निम्मे जालना दंडाच्या पावत्या घेऊन उभे राहील. गाव चालते ते कायद्यावर आणि कायदा वापरणाऱ्याच्या समजुतीवर. म्हणून तारतम्य नको असे म्हणता येत नाही. ते कोणाच्या बाजूने वापरले जाते, कोणत्या स्थितीत वापरले जाते आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो, एवढेच विचारता येते.

न्यायालयांनी या तारतम्याला काही कुंपणे घातली आहेत आणि ती सामान्य माणसाने जाणून घेतली पाहिजेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, अटक का जरूर आहे याची कारणे लिहून ठेवावीत, असे २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सांगितले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटकेऐवजी नोटीस देऊन बोलावण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे अटक करता येते आणि अटक केलीच पाहिजे, या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, तेच तारतम्याचे अंगण.

आता तास आणि तारतम्य यांची गाठ कोठे पडते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिरणीच्या फाटकावर आमचा संप चालू होता. गिरणीचे नाव महत्त्वाचे नाही. पहिल्या रात्री एक वयस्क हवालदार चार शिपाई घेऊन आले. गावचे माणूस, आमच्यातल्या निम्म्यांना नावाने ओळखत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दगडावर बसले आणि म्हणाले, “कॉम्रेड, तुमची माणसं पंधरा पावलं मागं घ्या. आतल्या लोकांना घरी जाऊ द्या. माल बाहेर निघाला तर मला सांगा, मी बघतो.” आम्ही मागे सरलो. आतले लोक घरी गेले. कोणाला ओरखडा आला नाही. तिसऱ्या रात्री दुसरीकडून एक तुकडी आली. ती पोरे यात्रेचा बंदोबस्त संपवून गाडीतून थेट उतरलेली, दोन रात्री पाठ टेकलेली नव्हती, आणि आमच्यापैकी एकालाही ओळखत नव्हती. कोणीतरी घोषणा जरा मोठ्याने दिली आणि पाच मिनिटांत काठ्या सुरू झाल्या. एक काठी माझ्या डाव्या खांद्यावर बसली. पावसाळ्यात ती अजून आठवण देते.

फाटक तेच, कामगार तेच, कायदाही तोच. बदलले होते ते काठी धरणाऱ्याचे जागरण आणि त्याची ओळख. थकलेल्या कामगाराच्या हातून चूक झाली तर बहुधा त्याचा स्वतःचा हात भाजतो. थकलेल्या पोलिसाच्या हातून चूक झाली तर दुसऱ्याचे डोके फुटते. म्हणून पोलिसाची झोप हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. तो तुमच्या-माझ्या डोक्याचा प्रश्न होतो.

परंतु येथे थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. थकवा हे कारण असेल. सबब होऊ शकत नाही. कारण असे की थकलेली काठीसुद्धा माणूस पाहून पडते. दमलेला शिपाई मोटारीतल्या शेठजींना चढ्या आवाजात बोलत नाही, हातगाडीवाल्याला बोलतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. पण आजही कोठे चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडे गाडी वळते, हे या जिल्ह्यातले कोण जाणत नाही? तेथे झोपेचा संबंध नसतो. ती सवय आहे, आणि सवयीला आठ तासांचे औषध पुरत नाही. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेचा पंचनामा व्हावा, नातलगाला कळवावे, वैद्यकीय तपासणी व्हावी. हे नियम मागावे लागले याचाच अर्थ असा की कोठडीच्या आत तारतम्य पुष्कळदा गैरहजर असते.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या जिल्ह्याने स्वतः पाहिली. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. आंदोलक जखमी झाले, पोलिसही जखमी झाले; त्यांत स्त्रिया होत्या. जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, चौकशी नेमली गेली आणि राज्याच्या गृहमंत्र्यांनी शासनातर्फे क्षमा मागितली. त्या घटनेचा निवाडा करायला मी येथे उभा नाही. मी एवढेच विचारतो: तेथे सारा महाराष्ट्र अनेक दिवस एकच प्रश्न विचारत राहिला, हुकूम कोणी दिला? असा प्रश्न पडतो याचा अर्थ काय? बळाचा वापर झाला, माणसे रक्तबंबाळ झाली, आणि निर्णय कोणाचा, हे चारचौघांना सरळ दिसेल असे लिहिलेले नव्हते. रोलिंग मिलमध्ये यंत्र कोणी चालू केले याची नोंद वहीत असते. माणसांवर लाठी चालवण्याची नोंद त्याहून कच्ची असावी काय? तोंडी हुकूम देणारा वर सुरक्षित राहतो आणि हुकूम पाळणारा खाली सापडतो. तो पाळला नाही तर खात्याच्या शिस्तीत, पाळला तर लोकांच्या रोषात! ह्या कात्रीत सापडलेल्या माणसाकडून तारतम्याची अपेक्षा करणे म्हणजे हात बांधून पोहायला सांगणे होय.

मग पोलिसांनी काय करावे? संघटना करावी काय? हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे नेहमी विचारला जातो. राज्यघटनेने एकोणिसाव्या कलमात संघटनेचा हक्क दिला. तेहेतिसाव्या कलमाने संसदेला पोलिसांच्या बाबतीत तो मर्यादित करण्याची मुभा दिली आणि १९६६ च्या कायद्याने ती मर्यादा घातली. तरी माणसे गप्प राहिली नाहीत. १९७९ साली अनेक राज्यांत पोलिस रस्त्यावर आले. १९८२ साली मुंबईत काय झाले ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जानेवारीपासून गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता. ऑगस्टमध्ये पोलिस शिपायांच्या असंतोषाने टोक गाठले. स्वातंत्र्यदिनी त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ तारखेच्या पहाटे त्यांच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. शिपाई बडतर्फ झाले. त्यांची घरे, त्यांचे तास, त्यांना साहेबांच्या घरी करावी लागणारी कामे, हे प्रश्न मात्र बडतर्फ झाले नाहीत; ते कामावर राहिले.

माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. पोलिसांनी संप करू नये. संप हे माझे हत्यार आहे आणि त्याची धार मला ठाऊक आहे. गिरणी बंद पडली तर कापड थांबते. ठाणे बंद पडले तर पहिला बळी जातो तो दुबळ्याचा, ज्याला स्वतःचा पहारेकरी ठेवता येत नाही. परंतु संप नको म्हणजे तोंडही नको, हे मला मान्य नाही. इंग्लंडात १९१८ आणि १९१९ साली पोलिसांनी संप केले. दुसऱ्या वेळी संप करणारे सगळे बडतर्फ झाले. पण त्याच वर्षी सरकारने कायदा करून संप आणि कामगार संघटना बंद केली, तशी पोलिसांची गाऱ्हाणी मांडणारी एक अधिकृत संस्थाही उभी करून दिली. आपल्याकडे केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत. तेथे काही राज्य बुडाले नाही. ज्याला आपले गाऱ्हाणे साहेबापुढे मांडण्याची वाट नाही, तो दुसऱ्याचे गाऱ्हाणे कोणत्या कानाने ऐकणार?

आणि वाट दिली तर शिपाई काय करू शकतो, याचा दाखला मुंबईत आहे. देवनार ठाण्यातल्या एका पोलिस नाईकाने आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा स्वतः बसून तयार केला आणि पोलिस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. मे २०१६ मध्ये देवनारला तो करून पाहिला. जमला. २०१७ च्या जानेवारीपासून मुंबईच्या सर्व ठाण्यांत आठ तासांची पाळी सुरू झाली. माणसे वाढवली नव्हती. कोण कोठे निष्कारण अडकून पडला आहे, हे शोधून त्यांची मांडणी बदलली होती. ते साहेबाला दिसले नव्हते, नाईकाला दिसले. पुढे टाळेबंदीच्या काळात ही घडी विस्कटली. म्हणजे एका आयुक्ताच्या मर्जीने आलेली गोष्ट दुसऱ्या संकटात जाऊ शकते. म्हणून मी म्हणतो, आठ तास हे मेहेरबानीतून नव्हे, कायद्यातून यावेत.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात पोलिस सुधारणेचे सात आदेश दिले. बदल्या-बढत्यांसाठी आस्थापना मंडळ, अधिकाऱ्यांना किमान मुदत, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण, असे ते आदेश. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांतल्या काही गोष्टी आणल्या. या सगळ्याचा मतितार्थ दोनच वाक्यांत सांगता येतो. योग्य तारतम्य दाखवणाऱ्याला बदलीची भीती नसावी. अयोग्य तारतम्य दाखवणाऱ्याला चौकशीची भीती असावी. आज पुष्कळदा नेमके उलटे घडते.

माझ्या मागण्या, सवयीप्रमाणे, मोजक्या आहेत. तीन पाळ्या आणि त्यांना पुरेशी भरती. साप्ताहिक सुटी, आणि ती बुडाली तर पूर्ण मोबदला. गर्दीवर बळ वापरण्याचा हुकूम देणाऱ्याचे नाव आणि वेळ यांची त्याच दिवशी लेखी नोंद. शिपायाची गाऱ्हाणी मांडणारी, संप न करणारी पण निवडून आलेली समिती. आणि नागरिकांच्या तक्रारीसाठी असे प्राधिकरण, की जेथे जायला पारध्याच्या बाईलाही भीती वाटू नये. यांतल्या शेवटच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे कोणाला वाटेल. माझ्या मते त्या एकाच गाडीची दोन चाके आहेत. ज्याला न्याय मिळतो, त्याच्याकडूनच न्याय मागता येतो.

शेवटी आपल्या स्वतःविषयी दोन शब्द. शिपाई तारतम्याने वागत नाही अशी तक्रार आपण करतो. पण त्याचे तारतम्य बिघडवायला आपणच पहिल्यांदा धावतो. मुलाची मोटारसायकल अडवली की आपण खिशातून फोन काढतो, “थांब, साहेबांशी बोल.” पुढाऱ्याकडून निरोप धाडतो. पावती नको म्हणून पन्नासाची नोट पुढे करतो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोलिस खातात म्हणून भाषण देतो. आपल्या ओळखीचा आहे म्हणून एकाला सोडायला लावले, की त्या दिवसाचा राग बिनओळखीच्या दुसऱ्यावर निघतो, हे लक्षात ठेवा. शिपायाचे तारतम्य ही गावाची सामाईक मालमत्ता आहे, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसारखी. तीत कोणी घाण टाकली की पाणी सगळ्यांनाच बाधते.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात एक काठी असताना बंदूकधारी अतिरेक्याला मिठी मारली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. देशाने त्यांना अशोकचक्र दिले. ते योग्यच झाले. पण असे शौर्य रोज मागता येत नाही आणि मागूही नये. रोज मागायचे ते साधे आहे: ऐकून घेणे, विचार करणे, हात आवरणे. त्यासाठी पदक लागत नाही. त्यासाठी रात्रीची झोप लागते, पाठीशी कायदा लागतो आणि समोर भानावर असलेला नागरिक लागतो. यांतले पहिले दोन सरकारकडून मिळवण्यासाठी भांडावे लागेल आणि ते भांडण पोलिसाला करता येत नाही. तेव्हा ते आपण केले पाहिजे. तिसरे मात्र आजपासून आपल्याच हाती आहे.